बावीस इंची रस्ता

दादाने एकोणतीस वर्षं बस चालवली. शहरातली नव्हे, लांब पल्ल्याची. संध्याकाळी एका गावातून निघून सकाळी दुसऱ्या गावात पोचणारी. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचा, "माझा संसार चाकांवर. त्यात आणखी एकीला कुठे बसवू? सगळ्या सीट भरलेल्या असतात." सुटी मिळाली की माझ्याकडे यायचा, कपड्यांचं गाठोडं टाकायचा, दिवसभर मेल्यासारखा झोपायचा आणि परत ड्युटीवर जायचा. माझा नवरा गेल्यावर मागची खोली कायमची त्याचीच झाली.

मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. ऑफिसच्या नेहमीच्या तपासणीत सापडला, असं त्याने मला सांगितलं. लायसन्स गेलं, त्यामागोमाग नोकरीही गेली. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. "कडेचं जरा कमी दिसतं. बाकी ठणठणीत," असं तो मला सांगायचा आणि मी ते धरून चालले.

आठ महिने तो खिडकीशी खुर्ची टाकून बसला. खालून बस गेली की न बघताच म्हणायचा, "दुसऱ्यावर घ्यायला हवी होती. इंजिन रडतंय बघ." घरात मात्र त्याचं कशाशीच पटेना. पाण्याचा पेला सांडायचा, दाराच्या कडेला खांदा आपटायचा आणि वर दारालाच चार शब्द ऐकवायचा. मला वाटे, रिकामपणाचा राग आहे, वस्तूंवर निघतोय.

माझं बाजारातल्या जिन्याखाली कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. लोक जाड होतात म्हणून माझं पोट भरतं, असं मी गमतीने म्हणते. एका दुपारी दादा मला डबा घेऊन आला. बाकावर एक कारकून बसला होता, पँट आखूड होईपर्यंत मोबाइलवर काहीतरी बघत. कोणीतरी कॉम्प्युटरवर बस चालवत होतं, त्याचा व्हिडिओ. खेळच होता, पण आवाज अगदी खरा. दादाचे कान टवकारले. त्याने सरळ त्या अनोळखी माणसाचा मोबाइल हातात घेतला, नाकासमोर धरला आणि दोन मिनिटांनी म्हणाला, "गाढव आहे. एवढ्या उतारावर नुसत्या ब्रेकवर जातोय. गिअर उतरव की!"

मी मशीनवरून खाली बघितलं. दादाचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला होता, क्लचवर दाबतात तसा.

माझ्याकडे नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले साठ हजार होते. जुनं मशीन कुरकुरत का होईना, आणखी दोन-चार वर्षं चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी दुकान अर्धा तास बंद केलं आणि दुकानाच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेले.

वर एक बाई कॉम्प्युटर जोडून देते. पस्तिशीची असेल. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि खोक्यांच्या थप्प्या अशा की तिच्यापर्यंत पोचायला अंग चोरून जावं लागतं. मी माझ्या येण्याचं कारण सांगितलं. ती हसली नाही, याचं मला बरं वाटलं.

"मावशी, तीन गोष्टी सांगा," ती म्हणाली. "कोणता खेळ, केवढा पडदा आणि किती पैसे."

पहिल्याचं उत्तर मी कारकुनाकडून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. तिसऱ्याचं मला माहीत होतं. दुसऱ्याला मी म्हणाले, "मोठा. बसच्या काचेएवढा असेल तर फारच छान."

तिने पेन्सिल काढली आणि यादी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, हे सगळं बसवायचं कॅबिनेट, मॉनिटर, आणि पायाशी पेडल असलेलं स्टीअरिंग. बेरीज केली तर ऐंशीच्या वर गेली. "आता कात्री लावायची," ती म्हणाली.

कात्री म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

पुढचे दोन आठवडे मी रोज दुपारी वर जात होते. नावं तोंडपाठ झाली. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं. ज्या कॅबिनेटला आत रंगीबेरंगी दिवे होते, ते मी पहिल्या दिवशीच खोडलं. नुसती झालर, अंगात घालायला उपयोग शून्य. साधा काळा डबा घेतला, पण हवा खेळायला पुढे जाळी असलेला. प्रोसेसरचं तिने समजावलं. एक बैल चपळ आणि दुसरा लंगडा असेल तर गाडी लंगड्याच्याच चालीने जाणार. महागडा प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्ड फालतू घेतलं, तर पैसे पाण्यात. दोघांची चाल जुळली पाहिजे. मग प्रोसेसर मधला घेतला, त्याच्यासोबत फुकट येणारा पंखाच वापरायचा ठरवला. तेवढे वाचले.

पॉवर सप्लायवर मात्र आमचं भांडण झालं. मी सगळ्यांत स्वस्तावर बोट ठेवलं. विजेचा डबा तर आहे, कोण बघतंय त्याच्याकडे?

तिने आतून एक जळका मदरबोर्ड आणून माझ्या मांडीवर ठेवला. एका कोपऱ्यात काळा डाग, वास अजून जात नव्हता. "गेल्या महिन्यातला. असाच स्वस्त डबा लावला होता. जाताना एकटा गेला नाही."

मी विचार केला आणि म्हटलं, "म्हणजे दोरा. कापड रेशमी घेतलं आणि दोरा कच्चा लावला तर पहिल्याच वाकण्यात अब्रू जाते."

"बरोबर. आणि आपल्याला चारशे वॉट पुरतील, पण साडेपाचशेचा घ्या. उद्या मोठं कार्ड लावावंसं वाटलं तर हा बदलावा लागणार नाही."

"माया सोडायची," मी म्हणाले. तिला कळलं नाही. मी माझ्याच कुडत्याची शिवण उलटी करून दाखवली. शिवताना आत बोटभर कापड जास्त ठेवतो आम्ही, पुढे माणूस वाढला तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. तिने यादीत पॉवर सप्लायपुढे लिहिलं, "मायेसकट," आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

राहता राहिला मॉनिटर. तिच्याकडे एक चौतीस इंची होता, कमानीसारखा वाकलेला. समोर बसलं की दोन्ही बाजूंनी कवेत घ्यायचा. मी त्याच्या प्रेमातच पडले. त्याच्यासाठी मी ग्राफिक्स कार्ड जुन्यावर आणलं, रॅम निम्मी केली, स्टीअरिंग सगळ्यांत साधं, बिनक्लचचं घेतलं. अखेर एका दुपारी बेरीज साठच्या आत आली.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "मावशी, एवढ्या मोठ्या पडद्याला हे कार्ड धापा टाकेल. तुमचा हट्ट का आहे याच्यावर?"

"त्याला कडेचं जरा कमी दिसतं. पडदा मोठा असला की कडेचं सगळं समोर येईल ना."

ती थांबली. "कडेचं कमी दिसतं? हे तुम्ही आज सांगताय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना घेऊन या. पैसे तुमचे असले तरी डोळे त्यांचे आहेत."

मला त्याला अचानक दाखवायचं होतं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घरी जेवताना मी सांगून टाकलं.

दादाने घास खाली ठेवला. "मी काय रांगतं पोर आहे? खेळण्यातली मोटर घेऊन बसवतेस मला?"

"तसं नाही रे—"

"पन्नास माणसं मागे झोपलेली असायची माझ्या भरवशावर. पन्नास! आणि आता मी घरात बसून तोंडाने घुर्र घुर्र करू?" तो उठला. जाताना खांदा दाराला लागला आणि या वेळी त्याने दाराला काहीच म्हटलं नाही.

दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. मी यादीची चिठ्ठी सुयांच्या डब्यात घालून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना मागून आवाज आला, "त्यात गिअर हाताने टाकायचा असतो का?"

"टाकता येतो म्हणे."

"येतो मी," तो म्हणाला. "बघायला. घ्यायला नव्हे."

तो वर गेला तेव्हा दुकानदारीण उठून उभी राहिली. "या मामा," ती म्हणाली. "मावशींचे भाऊ म्हणजे माझे मामाच." दादाने मान हलवली आणि पुढे पाऊल टाकलं ते थेट खोक्यांच्या थप्पीवर. तीन खोकी खाली आली. तिने ती उचलली, त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं, समोर तो मोठा वाकलेला पडदा लावला आणि खेळ सुरू केला.

पडद्यावर ड्रायव्हरची जागा आली. आरसे, वायपर, पुढे मोकळा रस्ता, लांबवर डोंगर. दादाने स्टीअरिंगला हात लावला आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली. आठ महिन्यांत मी ती तशी बघितली नव्हती. बस निघाली. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. मग गाव आलं आणि मी बघतच राहिले. तो मान सारखी इकडून तिकडे फिरवत होता, कोंबडी दाणे शोधते तशी. डावा आरसा बघायला पूर्ण तोंड डावीकडे, तेवढ्यात समोरचा सिग्नल हुकायचा. एका चौकात उजवीकडून एक मोटार आली. पडद्यावर ती चांगली दिसत होती. मागे उभ्या असलेल्या मलाही दिसत होती. दादाला दिसली नाही. धडक बसली तेव्हा तो दचकून विचारू लागला, "कशाला लागलं? काय होतं?"

त्याने हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

दुकानदारीण त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. "मामा, समोर बघत राहा. माझं बोट दिसेनासं झालं की सांगा." तिने बोट त्याच्या नाकासमोर धरलं आणि हळूहळू बाजूला नेलं. वीतभर गेलं असेल नसेल.

"गेलं," दादा म्हणाला.

दुसऱ्या बाजूलाही तेवढंच.

कडेचं जरा कमी. आठ महिने हा माणूस नळीतून बघावं तसं माझं घर बघत होता. सांडलेला प्रत्येक पेला मी त्याच्या बाजूला ठेवलेला होता, समोर नव्हे. आणि मी वर त्याच्यावर चिडत होते.

"थोडी हवा खातो," म्हणून तो बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, कठड्याची सळई धरून. मी शेजारी बसले, बरोबर समोर वळून, त्याला दिसेन अशी.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं." मग म्हणाला, "ऑफिसच्या तपासणीत नाही सापडलं ते. मीच गेलो डॉक्टरकडे."

त्याला मध्ये बोललेलं चालत नाही.

"वर्षभर कळत होतं मला. आरशात बघायला मान जास्त वळवावी लागायची. म्हटलं, वय झालं. मग एका स्टँडवरून सकाळी बस काढत होतो. कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक मारला. खाली उतरून बघतो तर बसला अगदी चिकटून एक बाई उभी. पिशवीतले बटाटे सांडलेले. मला शिव्या देत होती. मी ते बटाटे गोळा करत होतो आणि मनात म्हणत होतो, दे बाई, अजून दे. मला ती दिसलीच नव्हती गं. कंडक्टर नसता तर..." त्याने सळई घट्ट धरली. "गाडी डेपोत लावली आणि चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, डॉक्टरला डोळे दाखवून येतो, तोपर्यंत मी स्टीअरिंगला हात लावणार नाही. कंडक्टरने कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर अजून वर्षभर चाललं असतं."

त्याने नोकरी गमावली नव्हती, स्वतःच्या हाताने ठेवून दिली होती. आणि मला मात्र दुसरंच सांगितलं होतं, कारण खरं सांगायचं तर त्याआधीचं एक वर्षही सांगावं लागलं असतं.

"चल, घरी जाऊ," मी म्हणाले. "चूक झाली माझी. नको तो खेळ. नसती जखम उघडी केली."

दादाने माझ्याकडे बघितलं. "आत्ता त्या मोटारीला लागलं तेव्हा काय झालं पाहिलंस?"

"काय झालं?"

"काही नाही. गाडी पुन्हा मागच्या चौकात आली. आतला माणूस मेला नाही की खाली बटाटे सांडले नाहीत." तो उठला. "मला तसंच चालवायचं आहे. कोणाच्या जिवाला धोका नसताना. चल, पण तो ढेरपोट्या पडदा मला नको. त्यात मी हरवतो."

आम्ही परत आत गेलो आणि ती सगळी यादी नव्याने झाली. दुकानदारिणीने एक साधा, सपाट, बावीस इंची मॉनिटर काढला. तो टेबलावर ठेवून तिने दादाची खुर्ची मागे सरकवायला सुरुवात केली. एक हात, मग दीड हात. "थांब," दादा म्हणाला. "आता मावला. दोन्ही आरसे, रस्ता, सगळं." ती खडूने जमिनीवर रेघ मारून मोकळी झाली आणि टेपने मोजून मी ते अंतर लिहून घेतलं. मोठा पडदा त्याच्या नजरेबाहेर सांडत होता. हा नजरेत बसला. आम्ही दोघी दोन आठवडे नेमकं उलटं करत होतो.

पडदा लहान झाला तशी पुढची गणितं आपोआप सुटली. लहान पडद्याला चित्र काढायला कमी कष्ट, म्हणून कोणीतरी बदलून टाकलेलं तेच जुनं ग्राफिक्स कार्ड आता पुरे होतं. ते तिने आमच्यासमोर तासभर चालवून दाखवलं, हात लावून गरम किती होतं तेही बघायला लावलं. रॅम पुन्हा दुप्पट झाली. आणि जे वाचलं ते दादाने स्वतः खर्च केलं. त्याने चार स्टीअरिंगं हातात धरून बघितली. पहिली तीन टेबलावर परत ठेवली. "हलकी आहेत. जत्रेतली." चौथं वापरलेलं होतं, कडेला घासलेलं, पण त्याच्यात मोटर होती, वळणावर ते हाताला उलट ओढायचं. त्याच्याबरोबर तीन पेडल आणि वेगळा गिअरचा दांडा. दादाने डोळे मिटले, दांडा पहिल्यावरून दुसऱ्यावर नेला, मग तिसऱ्यावर.

"हे," तो म्हणाला.

साठ हजारांच्या वर आठशे जात होते ते तिने सोडून दिले. मी तिच्या दोन कुडत्यांच्या बाह्या फुकट करून दिल्या.

जोडणी आमच्या घरी झाली, माझ्या कापड कापायच्या टेबलावर. नाजूक कामं तिने केली, स्क्रू सगळे दादाने पिळले. बोटांनी चाचपून भोक शोधायचा आणि एकही वाकडा गेला नाही. "मामांना मी नोकरीवर घेते," ती म्हणाली. चालू केलं तर पंखे फिरले आणि पडदा काळा. माझा जीव खाली-वर. तिने रॅमची पट्टी काढून पुन्हा दाबली, टक् आवाज आला, आणि पडद्यावर उजेड आला.

त्या आठवड्यात मी घरही बदललं. पेला समोर ठेवायला शिकले. दारांच्या कडांना पिवळ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. दादा कुरकुरला, मग म्हणाला, कपाटालाही लाव. पुढच्या महिन्यात तो स्वतःहून एका केंद्रात जाऊ लागला, तिथे कमी नजर असलेल्यांना रस्ता ओलांडायला, काठी वापरायला शिकवतात. पूर्वी काठीचं नाव काढलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

बस तो रोज सकाळी दोन तास चालवतो. वेळापत्रक लिहून ठेवलंय. धडका होतात, अजूनही होतात. तेव्हा तो थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसतो. त्याला काय आठवतं ते मी विचारत नाही. मग गाडी मागच्या चौकात येते आणि तो पुन्हा निघतो.

एका रविवारी त्याने मला त्या खुर्चीत बसवलं. मी आयुष्यात सायकलही चालवलेली नाही.

"क्लच सोड. हळू! ते शिलाई मशीनचं पायडल नव्हे."

बस दोन उड्या मारून बंद पडली. पुन्हा चालू केली. पहिल्या वळणावर मी ती थेट पेट्रोल पंपात घातली, पाटीसकट. दादा स्टुलावर बसून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मागचे प्रवासी काय म्हणत असतील?" मी विचारलं.

"सगळे जागे झाले असतील," तो म्हणाला. "रिव्हर्स टाक. डावीकडे, खाली. हां. आता दोन्ही आरसे बघ आणि मगच हल."